बटण दाबताच पायक्यूटी ५ चा प्रोग्रॅम बंद पडतो, आणि विंडो मोठी केली तरी चौकटी कोपऱ्यातच राहतात

पायक्यूटी ५ (पायथॉनमध्ये विंडो आणि बटणे बनवण्याची लायब्ररी) वापरून लिहिलेल्या आपल्या बिलाच्या प्रोग्रॅममध्ये ‘जतन करा’ दाबताच विंडो काहीही न सांगता बंद होते, आणि ती मोठी केली तरी सर्व चौकटी डाव्या कोपऱ्यात वरच राहतात, असे आपण लिहिले आहे. या दोन दोषांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून ते वेगवेगळे हाताळावेत.

आधी प्रोग्रॅम आयकॉनवर डबल क्लिक करून किंवा एडिटरमधून न चालवता थेट टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या विंडोतून) चालवा. पायक्यूटी ५.५ पासून स्लॉटमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) उद्भवलेले एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालताना आलेली चूक, कोणी पकडले नाही, तर लायब्ररी अख्खा प्रोग्रॅमच थांबवते. विंडोजवर तेव्हा -१०७३७४०७९१ हा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना मिळणारा आकडा) दिसतो. टर्मिनलमध्ये मात्र त्याआधी ट्रेसबॅक, म्हणजे चूक कोणत्या ओळीत झाली ते सांगणारा मजकूर, छापला जातो. ‘दर’ची चौकट रिकामी ठेवून बटण दाबून पाहा: रिकाम्या मजकुराचे फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) रूपांतर करताना व्हॅल्यूएरर हे एक्सेप्शन येते, आणि माझा पहिला संशय त्यावरच आहे. न पकडलेली एक्सेप्शने हाताळणाऱ्या, सिस मॉड्यूलच्या एक्सेप्टहुकला स्वतःचे फंक्शन दिले, तर प्रोग्रॅम थांबत नाही आणि त्या फंक्शनमधून चूक फाइलमध्ये नोंदवता येते. प्रत्येक फंक्शन ट्राय-एक्सेप्टमध्ये (चूक पकडण्याच्या पायथॉनच्या रचनेत) गुंडाळून चूक गिळून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात; तो मला मुळीच मान्य नाही, कारण मग बिल जतन झालेच नाही हेही दुकानदाराला कळणार नाही.

ट्रेसबॅक अजिबात आला नाही, तर दोष बहुधा पायथॉनच्या खाली, लायब्ररीच्या सी++ भाषेतल्या कोडच्या पातळीवर आहे. अशा वेळी सुरुवातीलाच पायथॉनचे फॉल्टहँडलर हे मॉड्यूल सुरू करा, म्हणजे कोसळताना कोणती ओळ चालू होती ते दिसेल. जतन करण्याचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कामाबरोबर समांतर चालणाऱ्या धाग्यात) असेल, तर त्या थ्रेडमधून लेबल किंवा तक्त्याला हात लावू नका. सिग्नल (पायक्यूटीचा सूचना-संदेश) पाठवा आणि बदल मुख्य थ्रेडलाच करू द्या. शिवाय क्यूथ्रेडचा (पायक्यूटीतल्या थ्रेडच्या क्लासचा) ऑब्जेक्ट सेल्फवर, म्हणजे विंडोच्या ऑब्जेक्टमध्येच, ठेवा. तो स्थानिक व्हेरिएबलमध्ये असेल, तर फंक्शन संपताच नष्ट होतो आणि चालू थ्रेडसह प्रोग्रॅमही कोसळतो.

मांडणीचा दोष बहुतेक डिझायनरमधला (माउसने फॉर्म तयार करण्याच्या साधनातला) आहे. चौकटी फॉर्मवर नुसत्या ओढून ठेवल्या, की तयार होणाऱ्या कोडमध्ये प्रत्येकीसाठी सेटजॉमेट्री लिहिले जाते, म्हणजे जागा पिक्सेलमध्ये पक्की होते. फॉर्मच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून संपूर्ण फॉर्मला ग्रिड लेआउट (विंडोच्या आकारानुसार बदलणारी जाळीदार मांडणी) लावा. कोड हाताने लिहिला असेल, तर क्यूमेनविंडोवर (पायक्यूटीतल्या मुख्य विंडोवर) सेटलेआउट वापरू नका, कारण तिचा स्वतःचा लेआउट आधीच असतो. एक साधे क्यूविजेट (रिकामा घटक) घेऊन त्याला लेआउट द्या आणि ते सेटसेंट्रलविजेटने बसवा. लेबलांना सेटफिक्स्डहाइटने उंची दिली असेल, तर तीही काढा: इंग्रजी अक्षरांना पुरणाऱ्या उंचीत मराठीतले रफार आणि वेलांट्या कापल्या जातात.

एवढे करूनही विंडो बंद होत राहिली, तर ट्रेसबॅकच्या शेवटच्या काही ओळी आणि पायक्यूटीची नेमकी आवृत्ती प्रश्नात जोडा.