खांब का कलले?

प्रश्न : दिवाळीत मिररलेस कॅमेरा घेतला. रविवारी खडकवासल्याला सूर्यास्ताचे फोटो काढायला जाते. स्क्रीनवर ग्रिड लावते, पलीकडचा काठ आडव्या रेघेला बरोबर जुळवते, तरी घरी येऊन बघितलं की फोटो वाकडाच वाटतो. यजमान म्हणतात, खांब पडायला आलेत. सॉफ्टवेअरमध्ये फिरवून सरळ करावा, तर कडेचं झाड कापलं जातं. ट्रायपॉड घेऊ का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ट्रायपॉडचे पैसे तूर्त राहू द्या. तुमचे फोटो पाहिले. यजमानांची नजर चांगली आहे. खांब खरंच कललेत, आणि ते तुम्ही काठ जुळवायला गेलात म्हणून.

पुण्यात सगळं आहे, समुद्र तेवढा नाही. त्यामुळे खरं क्षितिज आपल्या वाट्याला येत नाही. गुहागरला पाणी आणि आकाश भेटतात ती रेघ आडवीच असते. तिला कॅमेरा जुळवला की काम झालं. खडकवासल्याला समोर दिसतो तो तलावाचा काठ. त्याची एक बाजू आपल्याला जवळ असते, दुसरी लांब. आपण पाण्यापेक्षा उंचावर उभे असतो, म्हणून काठाचा जवळचा भाग फोटोत खाली येतो आणि लांबचा वर चढतो. म्हणजे कॅमेरा अगदी सरळ धरला, तरी काठ तिरकाच यायला हवा! तुम्ही त्याला बळेच आडवा केलात आणि बाकीचं सगळं कलंडलं. वर रस्त्यावरून काढाल तर काठाचा हा तिरकेपणा जास्त दिसेल, खाली पाण्याशी बसून काढाल तर कमी.

मग जुळवायचं कशाला? उभ्या गोष्टींना. पाणी संथ असेल तर प्रतिबिंबासारखा ओळंबा नाही. दिवा आणि पाण्यातला त्याचा दिवा नेहमी एकाखाली एक असतात, मग काठ कसाही वळो. तुम्ही तर सूर्यास्तच काढता. सूर्याखाली पाण्यावर सोनेरी पट्टा पडतो ना, तो सरळ त्याच्या खालीच येतो. तो पट्टा चौकटीच्या मधल्या भागात घ्या, उभ्या कडेला समांतर ठेवा आणि पलीकडच्या काठाकडे चक्क दुर्लक्ष करा.

मधला भाग म्हणतोय त्याला कारण आहे. शनिवारवाड्यासमोर उभं राहून कॅमेरा वर उचललात, तर दिल्ली दरवाजाचे दोन्ही बुरूज आत झुकलेले दिसतात. तिथे फोटो वाकडा नसतो, कॅमेरा वर बघत असतो. त्यामुळे कडेच्या बुरुजाला जुळवायला जाऊ नका, दरवाजाच्या मध्यावर बघा. दोन्ही बुरूज सारखेच झुकलेले असले, तर तुमचा हात सरळ आहे.

शिवाय तुमच्या कॅमेऱ्यात लेव्हल बहुधा असेल, म्हणजे कॅमेरा कललाय का ते स्क्रीनवर रेघेने दाखवणारी सोय. निकॉनमध्ये तिला व्हर्च्युअल होरायझन म्हणतात, कॅननमध्ये इलेक्ट्रॉनिक लेव्हल, सोनीत डिजिटल लेव्हल गेज. सरळ झालं की रेघ हिरवी होते. मी मात्र नव्या कॅमेऱ्याच्या लेव्हलवर पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नाही. दाराच्या चौकटीला दोरी बांधायची, खाली जड नट लटकवायचा, पंखा बंद करायचा. दोरी बरोबर मधोमध घेऊन, रेघ हिरवी झाली की फोटो काढायचा. कॉम्प्युटरवर दोरी उभ्या कडेला समांतर आली तर लेव्हल खरी. नाही आली, तर कुठल्या बाजूला किती फरक पडतो ते कळलं, तेवढा धरून चालायचं.

आता हाताचं. शटर दाबताना उजवं बोट कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली ढकलतं. मग फोटोतलं पाणी डावीकडे सांडतंय असं वाटतं. असे एकाच बाजूला कलणारे फोटो बऱ्याच जणांकडे सापडतील. डावा तळवा लेन्सखाली, कोपरं अंगाला, आणि शटर अर्धं दाबून थांबायचं. मग उरलेलं हलकेच.

कापलं जाण्याचा हिशेबही सांगून ठेवतो. नेहमीच्या ३:२ आकाराचा आडवा फोटो तोच आकार राखून १ अंश फिरवला, तर सुमारे ५ टक्के भाग जातो; ३ अंश फिरवला तर १४ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा झाड अगदी कडेला चिकटवू नका, थोडी जागा सोडा. वाइड लेन्सवर पाण्याची रेघ वाकलेली, कमानीसारखी आली, तर ते प्रकरण वेगळं. तो लेन्सचा दोष. कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन सुरू करा.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकांचे फोटो बरेच जण मुद्दाम तिरके काढतात. चालतं का?
– विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : चालतं, पण मग भरपूर कलवा. २-३ अंशांचा कल बघणाऱ्याला चूक वाटतो, १५-२० अंशांचा हेतू वाटतो. मला स्वतःला हा प्रकार फारसा रुचत नाही. ढोलवाले वाजवताना आधीच इतके झुकतात, की चौकट सरळ असली तरच त्यांचं झुकणं अंगावर येतं. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत हात उंच करून काढणार असशील, तर स्क्रीन खाली वळव आणि लेव्हल सुरू ठेव. गुलाल उडत असताना लेन्स मात्र बदलू नकोस.