बिघडलेल्या लिनक्स मशीनची माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट लिहिताना

पहिलं म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट-ई, म्हणजे एखादी कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी सूचना, लावू नकोस. एरवी ती सवय चांगली, पण इथे मशीन आधीच बिघडलेलं असतं. एखादी कमांड फसणारच, आणि तिच्यापायी पुढची सगळी माहिती हातची जाते. प्रत्येक कमांडचं आउटपुट, एररसकट, वेगळ्या फाइलमध्ये टाक. ‘एलएसपीसीआय (हार्डवेअरची यादी देणारी कमांड) सापडली नाही’ हीसुद्धा माहितीच! एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल्स पुरवणारा) बंद असेल तर साधं डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) अडकून बसतं, म्हणून ते लोकल डिस्कपुरतंच चालव. डीमेसग, म्हणजे कर्नलचे संदेश, बऱ्याच ठिकाणी रूटशिवाय (सर्वाधिकार असलेल्या खात्याशिवाय) वाचता येत नाही. आणि एटसी डिरेक्टरी (जिथे सिस्टमची सेटिंग्ज असतात) सरसकट टार करून, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून, कुणाला पाठवू नकोस. तिच्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) खासगी कीज असतात. हव्या त्या फाइल्स नावानिशी उचल.