लहानपणी एकाच घरात मार खाल्लेल्या भावंडांपैकी एक सावरतं, दुसरं नाही. असं का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की वडिलांचा पट्टा तुम्ही आणि ताईने सारखाच खाल्ला. ती मार्गी लागली, तुम्ही ३१व्या वर्षी चौथी नोकरी सोडून घरी बसलाय, तेव्हा तुमच्यातच काही कमी आहे का? आमच्याकडेही असंच आहे, फक्त मी त्यातली ताई आहे.

वागळे इस्टेटला किसननगरमधली चाळ, पहिला मजला. बाबांच्या कंपनीला टाळं लागलेलं. जिना लाकडी होता, आणि तिसरी पायरी वाजली की मला कळायचं आज किती घेतलीये. धाकटा भाऊ तोवर मोरीत जाऊन बसलेला असायचा. मोरीला दार नव्हतं, नुसता पडदा. कसलं लपणं ते!

समोरच्या काकू पापड लाटायच्या. आमच्याकडे आवाज चढला की गॅलरीतून हाक यायची, "अहो, पोरीला पाठवा जरा, पापड मोजायचेत." रात्री साडेनऊला कसले पापड मोजायचे? पण परक्या बाईसमोर बाबा गप्प व्हायचे आणि मी सटकायचे. पापडांच्या चळती लावता लावता तिथेच झोप लागायची. आठ वर्षं हे चाललं. भावाला मात्र कुणी बोलावलं नाही. मुलाला कशाला पापड मोजायला बोलवायचं? तो जाईल नाक्यावर, रमेल पोरांत, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. जरा मोठा झाल्यावर तो गेलाच नाक्यावर.

म्हणून 'तू मुळातच खंबीर' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी खंबीर असेन-नसेन, समोरचं दार उघडं होतं एवढं नक्की.

हवाईतल्या काउआई बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा काही दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरात सततची भांडणं, बापाची दारू, आईचं मानसिक आजारपण अशी अनेक ओझी ज्या मुलांवर होती, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं चांगली कर्तीसवरती झाली. स्वभावाचा वाटा होताच, पण त्यांना कुणीतरी एक भरवशाचं माणूसही मिळालं होतं. आजी, शिक्षिका, शेजारीण, कुणीही. तुमच्या कामाचं मात्र पुढचं आहे. शाळकरी वयात वाया गेली म्हणावीत अशी बरीच मुलं तिशी-चाळिशीपर्यंत रुळावर आली होती. कुणी पुन्हा शिकलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला शांत जोडीदार मिळाला. त्या हिशेबाने तुमचा निकाल अजून लागलेलाच नाही.

आणि ताईकडे बघून फसू नका. ऑफिसात माझं कौतुक होतं, 'हिला माणसाचा मूड बरोबर कळतो.' कळणारच. दारापाशी पाऊल वाजलं की माझे कान आजही तिसऱ्या पायरीवर असतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिने दुधाचा पेला उलटवला आणि माझा हात वर गेला. खाली आणला, पण गेला होता, आणि तिने तो पाहिला होता. त्यानंतर मी समुपदेशक बाईंकडे दीड वर्षं जात होते. पहिले दोन महिने नुसती 'मी बरी आहे' म्हणत होते, पैसे देऊन.

उशीर का केला म्हणाल, तर 'ठाण्याला भरती करा' हा विनोद ऐकत ठाण्यातच वाढलेली मी. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि त्याच्या नावाने चेष्टा करण्याची आमची सवयही जुनीच. तुम्ही इतकी वर्षं घालवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पहिल्याच फोनवर सगळं सांगायला हवं असं नाही. 'झोप लागत नाही' इतकं म्हटलं तरी चालतं.

भाऊ आता रिक्षा चालवतो. दारू दोनदा सुटली, दोनदा धरली, सध्या सुटलेली आहे. गेल्या दिवाळीत फराळाला आला होता. पोह्याचा पापड मोडता मोडता मध्येच म्हणाला, "ताई, काकूंकडे तुम्ही नक्की काय करायचात गं? मी खाली जिन्यात बसायचो, तू येशील म्हणून. रेडिओ तेवढा ऐकू यायचा."