१९६७ च्या एमजीबी रोडस्टरला कोणते टायर घ्यावेत?

आपल्या एमजीबीला (या जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारला) तारांची चाके आहेत आणि दुकानदार १८५/६० आर १४ टायर (रुंदी १८५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, रिम १४ इंची) सुचवतो आहे, असे आपण लिहिले आहे. ते घेऊ नयेत. जुन्या १६५ आर १४ रेडियल टायरचा व्यास सुमारे ६२० मि.मी. असतो, तर सुचवलेल्या टायरचा जेमतेम ५७८, त्यामुळे स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवेल, इंजिन महामार्गावर विनाकारण जास्त फिरेल आणि मुळातच बुटकी असलेली गाडी गतिरोधकावर घासेल. १६५ आर १४ मिळाला तर उत्तमच (अरुंद टायरमुळे स्टिअरिंगही हलके राहते); न मिळाल्यास १८५/७० आर १४ व्यासाने जवळचा आहे, मात्र तो मागच्या मडगार्डला आतून लागत नाही ना, हे आधी एक टायर बसवून पाहावे. टायरवरील वेगमर्यादेचे ‘एस’ हे अक्षर, म्हणजे ताशी १८० किमी, या गाडीला पुरेसे आहे.

तारांच्या चाकांत ट्यूब हवीच, आणि तारांची टोके तिला टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टीही. टायरच्या बाजूवरील निर्मितीचे चार आकडे अवश्य वाचावेत: ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षे पडून राहिलेला टायर कडक झालेला असतो.