काणीचं बेणं आणि आबांचं ताट

वाळवा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने एकाच निरोपात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: "साहेब, जुलैत आडसाली लागण करायची आहे. शेजाऱ्याच्या दहा महिन्यांच्या उसातून बेणं घ्यायचं ठरलंय. त्यात पाच-सहा बेटांना काणीचे चाबूक आलेत, बाकी फड झकास आहे. तेवढी बेटं सोडून बेणं तोडलं आणि औषधात बुडवून लावलं तर चालेल ना?" दुसरा: "आमच्या आबांना अल्झायमर आहे असं डॉक्टर म्हणाले. मोबाईलवर वाचलं की मेंदूतला हा रोगसुद्धा 'बियाण्यासारखा' पसरतो. नातवंडं त्यांच्याच ताटात जेवतात. ताट वेगळं करायचं का?"

ते बेणं, म्हणजे लागणीसाठी तोडलेला ऊस, घेऊ नका. आणि आबांचं ताट वेगळं करू नका. आता कारणं सांगतो.

काणी ही बुरशी आहे. तिने धरलेल्या उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा लांब दांडा निघतो, तोच चाबूक. चाबकावरची काळी भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. चाबकावरचा चंदेरी पापुद्रा फाटला की ते वाऱ्यावर उडतात आणि आजूबाजूच्या उभ्या उसाच्या डोळ्यांवर जाऊन बसतात. डोळा झोपलेला असेतोवर वरून काही कळत नाही, पाचट सोलून पाहिलं तरी ऊस चांगलाच दिसतो. तोच डोळा तुम्ही सरीत दाबला, पाणी मिळालं, कोंब सुटला, की बुरशी कोंबाबरोबर आत शिरते आणि शेंड्याच्या वाढीच्या जागी मुक्काम करते. काही महिन्यांनी तिथून चाबूक बाहेर पडतो. म्हणजे तुमच्या रानात पुढच्या उन्हाळ्यात दिसणारी काणी या जुलैतच सरीत गेलेली असेल. पाच-सहा बेटं सोडली तरी त्यांच्या वाऱ्याखालचं बेणं निरोगी ठरत नाही.

औषधाचं म्हणाल तर 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून बेणं 10 मिनिटं बुडवणं हे प्रत्येक लागणीला करायचंच. डोळ्यावर बसलेले बीजाणू आणि टिपरीच्या (बेण्याच्या तुकड्याच्या) कापातून शिरणारी बुरशी त्याने आवरते. आत मुरलेल्या रोगाला मात्र दहा मिनिटांच्या बुडवणीवर सोडता येत नाही. तिथे उष्णता लागते: उष्ण बाष्प यंत्रात 54 अंश सेल्सिअसला अडीच तास. हे घरी हंडा तापवून करू नका, थोडं तापमान चुकलं की डोळेच मरतात. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी बेण्याची तीन पायऱ्यांची साखळी आहे ती याचसाठी. पहिल्या पायरीला रोग मारायचा आणि पुढे स्वच्छ बेणं वाढवत न्यायचं. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राकडे किंवा तुमच्या कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडे आताच मागणी नोंदवा. थोडंच मिळालं तर तेवढ्याचा स्वतःचा बेणेमळा करा.

यंदा नाहीच मिळालं, तर नऊ ते अकरा महिन्यांचा असा प्लॉट शोधा ज्यात आणि ज्याच्या आसपास एकही चाबूक नाही. स्वतः सऱ्यांतून फिरून पाहा. फिरताना गवतासारखे बारीक, पिवळट-पांढरे फुटवे दिसले तर तोही प्लॉट सोडा. तो गवताळ वाढ नावाचा रोग. तो बुरशीचा नव्हे, फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा आहे, त्यामुळे बुरशीनाशकात कितीही वेळ बुडवा, त्याला काही होत नाही.

शेजाऱ्यालाही मदत करा. चाबूक तसाच कोयत्याने तोडला तर भुकटी सगळ्या फडात उडते. आधी चाबकावर पिशवी चढवून तोंड बांधायचं, मग तोडायचा, मग बेट मुळासकट उपटून जाळायचं. बांधावर टाकायचं नाही. या उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारं पीक, त्यांनी ठेवू नये असंच माझं मत आहे.

आता आबांचं. तुम्ही वाचलंत ते अगदी खोटं नाही, पण तिथलं 'बी' म्हणजे आपलं बेणं नव्हे. साखर कारखान्यातल्या पॅनवर, म्हणजे पाक आटवायच्या भांड्यावर, काम करणाऱ्याला विचारा. घट्ट झालेल्या पाकात ते अगदी बारीक साखरेचं सीड सोडतात आणि त्यावर दाणा धरतो. त्या कणात जीव नाही, कोंब नाही. त्याला फक्त एक ठेवण आहे आणि पाकातली साखर त्याच ठेवणीत येऊन बसते. मेंदूत प्रथिनांचं तसं होतं. एखाद्या प्रथिनाची घडी चुकीची पडते, आणि त्याला भेटलेलं त्याच जातीचं चांगलं प्रथिनही तशीच घडी घेतं. अशा रोगकारक प्रथिनाला स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये प्रायॉन हे नाव दिलं, त्यांना 1997 चं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिनं अशीच साचतात. टाऊ आठवणी साठवणाऱ्या भागाजवळ आधी साचतं आणि जोडलेल्या पेशींतून पुढे सरकतं. म्हणून आबांना सकाळचं जेवण आठवत नसेल, पण 1972 चा दुष्काळ ते तपशीलवार सांगत असतील.

हे सगळं एकाच डोक्याच्या आत चालतं. मेंदूचे असे रोग माणसातून माणसात गेल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार वेगळी आहेत. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत नातलगांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून कुरू पसरला, प्रथा थांबल्यावर तो ओसरला. पूर्वी मृतदेहांच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून काढलेलं वाढीचं संप्रेरक मुलांना टोचत, त्यातूनही प्रायॉनचा रोग गेला. ते 1985 मध्ये बंद झालं. ते संप्रेरक घेतलेल्या मोजक्या लोकांत पुढे अल्झायमरसारखी लक्षणं आढळल्याचं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये मांडलं. एका ताटात जेवल्याने, उष्टं खाल्ल्याने, अंघोळ घातल्याने किंवा शेजारी झोपल्याने अल्झायमर होत नाही. नातवंडांना बसू द्या. बेण्याचा नियम घराण्याला लावून स्वतःलाही घाबरवू नका. म्हातारपणी होणारा अल्झायमर बापाला झाला म्हणजे मुलाला होतोच असं नाही. पुढचं डॉक्टरांना विचारा, आणि झाडपाल्याच्या हमखास औषधावर पैसे घालवू नका.

एक गोष्ट मात्र माझ्या, म्हणजे शेतीच्या, खात्यातली आहे. लागणीच्या दिवशी बेणं बुडवायचं पिंप अंगणात भरून ठेवाल, तेव्हा आबा घरात असतील. विसर पडलेल्या माणसाला ते पाणीच वाटतं. पिंपाजवळ सतत एक माणूस ठेवा, बुडवणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि उरलेलं द्रावण पाटात किंवा ओढ्यात ओतू नका. औषधाच्या बाटल्या आणि तणनाशकाचे डबे माळ्यावर नकोत, कुलपात ठेवा. आणि किल्ली आबांना जिथे सवयीने सापडेल त्या खुंटीवर अडकवू नका.