गणपतीत गावाकडून गुपचूप काम करायचा विचार असेल तर

तू विचारलंस, "ताई, मार्चमध्ये श्टुटगार्टला रुजू होतोय. रजा कमी पडल्या तर गणपतीत महिनाभर घरून, म्हणजे भारतातून, काम करू का? ट्रॅव्हल राउटरवर व्हीपीएन टाकला की कंपनीला मी जर्मनीतच दिसेन म्हणतात. पुण्याच्या ऑफिसात ब्लॉक केलेल्या साइट आम्ही सगळेच टनेल, म्हणजे ब्लॉक चुकवणारी छुपी जोडणी, काढून उघडायचो."

करू नकोस. मी केलंय, म्हणून सांगते.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पाठोपाठ गौरी-गणपती, आणि माझ्या रजा संपलेल्या. श्टुटगार्टच्या घरातल्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन चालू केलं, त्याला जोडणारा साबणाच्या वडीएवढा ट्रॅव्हल राउटर घेतला आणि वाईला आले. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दुपारी वीज गेली. राउटर देवघराशेजारच्या प्लगवर होता आणि इन्व्हर्टरची लाइन तिथवर नव्हती. लॅपटॉपने आपणहून माझ्या फोनचा हॉटस्पॉट पकडला, कंपनीचं व्हीपीएन पुन्हा जोडलं गेलं. पाच मिनिटांपूर्वी श्टुटगार्टमध्ये असलेलं माझं खातं महाराष्ट्रातल्या मोबाइल नेटवर्कवरून लॉगिन झालं. सुरक्षावाले याला 'अशक्य प्रवास' म्हणतात, आणि असा इशारा यंत्रणा आपोआप देते. आत आई मोदकांचं सारण परतत होती आणि मी 'खाते बंद' या लाल ओळीकडे बघत बसले होते.

वीज गेली नसती तर निभावलं असतं, असं समजू नकोस. लॉगिनला मंजुरी देणारं ॲप फोनवर असतं आणि फोन भारतीय नेटवर्कवर असतो. लॅपटॉप आजूबाजूच्या वायफायवरून स्वतःची जागा ओळखू शकतो. आधी वाईहून श्टुटगार्ट आणि तिथून कंपनी, असा प्रवास करणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटला लागणारा उशीर लपत नाही. पुण्यातल्या टनेलचंही तेच. ४४३ पोर्टवरून, म्हणजे सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या वाटेने, एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी जोडणारा कूटबद्ध मार्ग) काढला की तो साध्या वेब ट्रॅफिकसारखा दिसतो ही समजूत जुनी झाली. एसएसएच जोडणीची पहिलीच ओळ उघडपणे 'एसएसएच-२.०' म्हणते. आताच्या फायरवॉल पोर्ट नंबरवर विसंबत नाहीत, ही ओळ वाचतात. शिवाय लॅपटॉपवरचा सुरक्षा एजंट, म्हणजे कंपनीने बसवलेलं नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, तू चालवलेला प्रोग्राम थेट बघत असतो.

परतल्यावर बैठकीला चौघे होते: माझे मॅनेजर, एचआर, आयटी सुरक्षेचा माणूस आणि माझ्या विनंतीवरून बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचारी मंडळाची प्रतिनिधी. काम पूर्ण झालं होतं, पण त्याबद्दल कुणी विचारलंच नाही. त्या राउटरला आणखी कोण जोडलेलं होतं, हे मात्र तीनदा विचारलं. माझ्याकडे पुरावा नव्हता. ग्राहकांचा डेटा माझ्या स्क्रीनवर उघडत होता, आणि जीडीपीआर या युरोपीय डेटा-संरक्षण कायद्याखाली भारत 'पुरेसं संरक्षण' असलेल्या देशांमध्ये धरलेला नाही. त्यात आयकर आणि सामाजिक विमा कुठल्या देशाचा लागतो, हा प्रश्न वेगळाच. शेवटी मॅनेजर म्हणाले, "तू रोज सकाळी चॅटवर 'गुटन मॉर्गन' लिहीत होतीस." ते वाक्य मला आजही टोचतं. मी वाईत बसून श्टुटगार्टची सकाळ असल्यासारखं लिहीत होते.

मला आबमानुंग मिळाली, म्हणजे वैयक्तिक फाइलमध्ये जाणारी लेखी ताकीद. पुन्हा तसंच केलं तर नोकरी जाऊ शकते. पण तेव्हा मी तिथे तीन वर्षं होते. तू प्रोबेत्साइटमध्ये असशील. हा परिविक्षेचा काळ सहसा सहा महिन्यांचा असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं आणि कारणही द्यावं लागत नाही. मार्चपासून मोज, गणपतीचे दिवस नेमके त्याच्याच आसपास येतात. ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या निवास परवान्यावर, असलास तर नोकरी गेल्याचं दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, कळवावं लागतं. पुढे राहण्याची मुदत कमी होऊ शकते. पहिल्या वर्षात नोकरी गेली तर आर्बाइट्सलोजनगेल्ट, म्हणजे बेकारी भत्ता, बहुधा मिळणारच नाही, कारण त्यासाठी निदान १२ महिन्यांचा विमा भरलेला लागतो. घरचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं.

ऑफिसात ब्लॉक असलेली साइट बघायची तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर बघ. कामासाठी लागत असेल तर आयटीकडे तिकीट टाक. मला तसं एकदा दोन दिवसांत उघडून मिळालंय.

आणि गणपतीसाठी जूनमध्येच मेल कर: कुठून, किती दिवस, कुठलं काम. पुढच्या वर्षी मी तेच केलं. भारतातून काम करायला नकार आला, पण दहा दिवसांची बिनपगारी रजा मिळाली आणि लॅपटॉप श्टुटगार्टच्या कपाटात राहिला. बाबा तेव्हा काठीशिवाय आरतीला उभे होते.

तुझ्या करारात मोबिलेस आर्बाइटन, म्हणजे ऑफिसबाहेरून काम, याचं कलम असेल. परदेशाबद्दल त्यात काय म्हटलंय ते आधी शोध. जर्मन कळलं नाही तर त्या पानाचा फोटो पाठव, तुझं नाव आणि पगार झाकून. मी वाचून सांगते.