आयसीयूचे आकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या 12 खाटांच्या आयसीयूतून रजिस्ट्रीला (अनेक आयसीयूंचे आकडे गोळा करणाऱ्या नोंदणीला) माहिती जाते. या तिमाहीत मृत्यूचं गुणोत्तर 1.1 वरून 0.88 वर आलं. उपचार तेच आहेत, फक्त फॉर्म भरणाऱ्या सिस्टर बदलल्या. आनंद मानायचा का?

उत्तर : इतक्यात नको. प्रत्यक्ष मृत्यू भागिले अपेक्षित मृत्यू, एवढंच ते गुणोत्तर. 22 मृत्यूंना अपेक्षित 20 असतील तर 1.1, मृत्यू 22च राहून अपेक्षित 25 झाले तर 0.88. आधी छेद तपासा. तो पहिल्या 24 तासांतल्या सर्वांत वाईट नोंदींच्या स्कोअरवरून निघतो.

अपाचे-2 (आजाराची तीव्रता मोजणारा स्कोअर; गुण जास्त, तर अपेक्षित मृत्यूही जास्त) वापरत असाल तर पहिला संशय जीसीएसवर, म्हणजे शुद्धीच्या 3 ते 15 च्या मोजमापावर, घ्या. यात 15 वजा जीसीएस इतके गुण मिळतात. कॅज्युअल्टीत 14 जीसीएस असलेल्या पेशंटला श्वासासाठी ट्यूब टाकली, सेडेशन (गुंगीचं औषध) सुरू झालं आणि फॉर्मवर 3 लिहिलं गेलं, की 1 ऐवजी 12 गुण! धरायचा असतो तो सेडेशनपूर्वीचा जीसीएस, आणि तो बहुधा आयसीयूच्या चार्टवर नसतोच. कॅज्युअल्टीचा कागद काढावा लागतो. क्रिएटिनिनचंही (किडनीच्या रक्ततपासणीचंही) असंच. किडनी अचानक निकामी झाली असेल तरच त्याचे गुण दुप्पट करायचे. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्याचेही दुप्पट केले, तर 4 चे 8 होतात.

उलट दिशेच्याही, म्हणजे गुण कमी पडण्याच्या, चुका असतात. रात्री 11 ला आलेल्या पेशंटचा सकाळी 8 ला संपणारा चार्ट तेवढा पाहिला, तर पुढचे 15 तास सुटतात. रिकामा रकाना ‘नॉर्मल’ धरला जातो. चार तासांत दगावलेल्याचे रिपोर्टच आलेले नसतात, म्हणून कागदोपत्री तो धडधाकट ठरतो. या चुका एकमेकींना खोडतील या भरवशावर राहू नका.

प्रश्न : सॉफ्टवेअर एकही चूक दाखवत नाही. तेवढं पुरेसं आहे?

उत्तर : नाही. ताप 73 लिहिला तर सॉफ्टवेअर अडवेल. जीसीएस 3 ला काय म्हणून अडवेल? चिठ्ठ्या टाकून 20 केसपेपर काढा (नीटनेटके निवडून नव्हे) आणि आधीच्या नोंदी न दाखवता दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा भरून घ्या. जुळणी नुसत्या टक्क्यांत मोजू नका. समजा 100 केसपेपरांत जुनाट आजाराचा रकाना तपासला : 92 ना दोघांचं ‘नाही’, 2 ना दोघांचं ‘हो’, उरलेल्या 6 पैकी तिघांना एकीचं ‘हो’, तिघांना दुसरीचं. जुळणी 94 टक्के दिसते. पण निव्वळ योगायोगानेही ती 90.5 टक्के झाली असती. तो वजा केल्यावर कापा (योगायोगापलीकडची जुळणी; पूर्ण जुळली तर 1) येतो जेमतेम 0.37. हा रकाना भरवशाचा नाही.

शिवाय वॉर्डाचं ॲडमिशन रजिस्टर आणि रजिस्ट्रीतली संख्या ताडून पाहा. रात्री येऊन पहाटे दगावलेले पेशंट गळतात ते इथेच.

प्रश्न : मॉनिटर थेट जोडला तर ही कटकट संपेल?

उत्तर : हाताची चूक जाईल, नवी येईल. आर्टेरियल लाइन (बीपी मोजायला धमनीत घातलेली नळी) फ्लश करताना बीपी क्षणभर भलतंच वर जातं आणि मॉनिटर तेही टिपतो. दर मिनिटाच्या नोंदींतला ‘सर्वांत वाईट’ आकडा तासागणिक लिहिलेल्यापेक्षा वाईटच निघणार. अपाचे-2 हे 1985 चं सूत्र, हातानं भरलेल्या चार्टांच्या काळातलं. जोडायचंच असेल तर सिस्टरनं तपासून मान्य केलेलीच नोंद पुढे पाठवा, आणि जोडणीची तारीख रजिस्ट्रीला कळवा.